फाईल नव्हे, फाईलचा पत्ता फिरवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आषाढ सरत आला की दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत साहित्याची आवक सुरू होते. एका अंकात ६० मजकूर आणि प्रत्येकामागे ४ चित्रे धरली, तरी २४० फाइली झाल्या. कामाची विभागणी ट्रेलोवर (प्रत्येक कामाचे एक कार्ड करून ते एका लिस्टमधून दुसरीत सरकवता येणारा ऑनलाइन फलक) आणि साठा गूगल ड्राइव्हवर ही जोडी आता लहान अंकांनीही स्वीकारली आहे. ही दोन टोके जोडायला मेक किंवा झॅपियरसारखी नो-कोड साधने, म्हणजे प्रोग्राम न लिहिता कामे आपोआप करवणाऱ्या सेवा, वापरा, असा सल्लाही सगळीकडे मिळतो. सल्ला योग्य आहे, पण जोडणी दाखवताना बहुतेक ठिकाणी एक चूक शिकवली जाते: फाईल आली की ती उचलून कार्डाला चिकटवायची. या चुकीमुळेच ऐन भाद्रपदात कामे अडतात, म्हणून हे पत्र.

ट्रेलोच्या मोफत खात्यात एका फाईलला १० एमबीची मर्यादा आहे आणि मेकच्या मोफत प्लॅनमधून ५ एमबीपेक्षा मोठी फाईल पुढे जात नाही. ए-४ आकाराचे पूर्ण पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते. छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके), न दाबलेल्या टिफ प्रकारच्या फाईलचे वजन साधारण ३५ एमबी. मुखपृष्ठाचे चित्र त्या नळीतून जाणार कसे? मग कोणीतरी ते व्हॉट्सॲपवर मागवते. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलचा होऊन येतो, म्हणजे छपाईत जेमतेम सव्वापाच इंच. पडद्यावर तो छान दिसतो, छापल्यावर फुटतो. व्हॉट्सॲपच वापरायचे असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे.

खरा उपाय हा की फाईल ड्राइव्हमध्येच राहावी आणि ऑटोमेशनने फक्त तिची लिंक कार्डापर्यंत न्यावी. लिंक म्हणजे काही अक्षरे, तिला एमबीची मर्यादा लागू होत नाही. शिवाय ड्राइव्हमध्ये फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तरी तिचा आयडी (ड्राइव्हने दिलेली ओळख) बदलत नाही, त्यामुळे कार्डावरची लिंक तुटत नाही.

रचना अशी करावी. प्रत्येक कार्डाला ‘क-०४७’ असा क्रमांक द्यावा. पुढचे ‘क-’ आवश्यक आहे, कारण नुसते ०४७ लिहिले की गूगल शीट पुढचे शून्य खाऊन टाकते आणि मग क्रमांक जुळत नाही. अंक मात्र प्रत्यक्षात इंग्रजी ठेवावेत (क-047). देवनागरी ४७ आणि इंग्रजी 47 माणसाला एकच, यंत्राला दोन वेगळे. एका शीटमध्ये नोंदवही करावी: क्रमांक, कार्डाचा आयडी, फोल्डरचा आयडी, आलेल्या फाइलींचे आयडी. सगळी जोडणी या नोंदवहीवर उभी राहते. ट्रेलोच्या शोधावर विसंबू नये, कारण शीर्षक कोणीही बदलू शकते.

मेकमध्ये पायऱ्यांच्या दोन साखळ्या, म्हणजे दोन प्रवाह, लागतात. पहिला प्रवाह: कार्ड ‘मागवले’ या लिस्टमध्ये आले की नोंदवहीत क्रमांक शोधायचा. सापडला तर तिथेच थांबायचे. नसेल तर ड्राइव्हमध्ये फोल्डर करायचे, नोंद करायची आणि कार्डाला गूगल फॉर्मची लिंक जोडायची. आधी शोधण्याची पायरी गाळू नका. ड्राइव्हला एकाच जागी एकाच नावाची दोन फोल्डरे चालतात, त्यामुळे कार्ड मागे-पुढे सरकले की दुसरे ‘क-०४७’ निमूटपणे तयार होते आणि निम्मी चित्रे एकात, निम्मी दुसऱ्यात जातात.

फॉर्मच का? सामायिक फोल्डर चित्रकारांना उघडून दिले तर प्रत्येकाला इतरांचे अप्रकाशित काम दिसते, आणि टाकलेल्या फाईलची मालकी टाकणाऱ्याकडेच राहते. त्याने आपले ड्राइव्ह साफ केले की तुमची फाईल गेली. फॉर्ममधून आलेली फाईल फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जमा होते. फॉर्मला आधीच भरलेली लिंक तयार करण्याची सोय आहे. त्यात क्रमांकाच्या जागी कार्डाचा क्रमांक घालून ऑटोमेशन प्रत्येक कार्डासाठी वेगळी लिंक बनवू शकते. चित्रकार ती उघडतो तेव्हा ‘क-०४७’ तिथे भरलेलेच असते, त्याने फक्त फाईल द्यायची. फाईल देण्यासाठी गूगल खात्यात शिरावे लागते, ते आधी कळवावे. फॉर्ममध्ये एका फाईलची मर्यादा १०० एमबी करावी आणि एकूण साठ्याची मर्यादाही वाढवावी. ती सुरुवातीला १ जीबी असते आणि भरली की फॉर्म उत्तरे घेणे बंद करतो. ड्राइव्हची मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसह, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा प्रवाह: फॉर्मचे उत्तर शीटमध्ये आले की क्रमांकावरून नोंदवहीतली ओळ शोधायची, फाईल त्या फोल्डरमध्ये हलवायची, कार्डाला लिंक जोडायची, कॉमेंट लिहायची, नोंदवहीत खूण करायची. शीटमध्ये पूर्ण लिंक येते, ड्राइव्हला हवा असतो आयडी, म्हणून लिंकमधला ‘id=’ या खुणेपुढचा तुकडा कापून घ्यावा लागतो. एका प्रश्नाला अनेक फाइली चालू ठेवल्या तर एकाच चौकटीत स्वल्पविरामाने जोडलेल्या लिंका येतात आणि तो कापलेला तुकडा कुठल्याच फाईलचा आयडी राहत नाही. नवख्यांनी एका उत्तराला एकच फाईल ठेवावी. क्रमांक न जुळलेली फाईल ‘बिननोंद’ फोल्डरमध्ये जावी आणि संपादकांना ईमेल जावा. ही वाट आखली नाही तर फाईल हरवत नाही, पण ती आल्याचे कोणालाच कळत नाही, आणि अंकाच्या दृष्टीने ते हरवण्यासारखेच.

खर्चाचा हिशेब आधी करावा. मेकचा मोफत प्लॅन महिन्याला १,००० क्रेडिट देतो आणि साधारण प्रत्येक पायरीला एक क्रेडिट जाते. ठरावीक वेळाने ‘नवे काही आले का’ पाहणारा ट्रिगर, काही आले नसले तरी, दर वेळी एक क्रेडिट घेतो. दर १५ मिनिटांनी पाहिले तर दिवसाला ९६, महिन्याला २,८८० क्रेडिट, म्हणजे एकही फाईल न येता कोटा अकराव्या दिवशी संपतो. एका प्रवाहाने तासाला एकदा पाहिले तर महिन्याला ७२०. त्यावर ६० कार्डांच्या चार-चार आणि २४० फाइलींच्या पाच-पाच पायऱ्या, म्हणजे १,४४०. दोन महिन्यांच्या पाहण्याचे १,४४० आणि पायऱ्यांचे १,४४० मिळून निदान २,८८० होतात आणि मोफत मिळतात २,०००. तेव्हा हंगामाचे दोन महिने सर्वांत लहान सशुल्क प्लॅन घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. झॅपियरच्या मोफत प्लॅनमध्ये महिन्याला १०० कामे आणि दोनच पायऱ्या मिळतात, त्यात ही रचना बसत नाही.

आणखी एक अडचण अनेकांना कळतच नाही: जोडणी बरोबर ७ दिवसांनी बंद पडते. साध्या जीमेल खात्याचे ड्राइव्ह मेकला जोडताना गूगल क्लाउड कन्सोलमध्ये स्वतःचे ॲप नोंदवावे लागते. ते ‘टेस्टिंग’ अवस्थेत राहिले तर गूगल दिलेली परवानगी सात दिवसांत संपवते. अवस्था ‘प्रॉडक्शन’ करून जोडणी पुन्हा करावी. लागोपाठ चुका झाल्या की मेक प्रवाह बंद करते आणि ईमेल पाठवते. तो ईमेल रोज पाहिल्या जाणाऱ्या पेटीत यायला हवा, म्हणून सगळी खाती अंकाच्या नावाची असावीत. एखाद्या शिकाऊ उमेदवाराच्या खाजगी खात्यावर जोडणी उभी केली, तर त्याच्याबरोबर तीही जाते.

अंकाची वेब आवृत्ती असेल तर तेवढ्यापुरत्या प्रती क्लाउडिनरीवर, म्हणजे वेबसाठी चित्रे साठवून देणाऱ्या सेवेवर, ठेवाव्यात. तिथे पत्त्यात रुंदी लिहिली की हवा तो आकार मिळतो. फाईलला नाव मात्र क्रमांकाचेच द्यावे. देवनागरीतली प्रत्येक खूण (अक्षर किंवा मात्रा) वेब पत्त्यात ९ चिन्हांची होते, नुसता ‘गणपती’ ४५ चिन्हे घेतो.

चालू करण्यापूर्वी चार फाइली पाठवून पाहाव्यात: एक बरोबर क्रमांकाची, एक चुकीच्या क्रमांकाची, तीच पहिली फाईल दुसऱ्यांदा, आणि त्याच बरोबर क्रमांकाची एक ३५ एमबीची. दुसरी ‘बिननोंद’मध्ये आणि बाकी तिन्ही एकाच फोल्डरमध्ये दिसल्या, तरच फॉर्मची लिंक चित्रकारांना द्यावी.

आपले,
दिवाळी अंकांच्या निर्मितीत तांत्रिक साहाय्य करणारे काही वाचक