ड्रममधलं शिळं पाणी

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. शिव्या घाल, पण आधी ऐक. तू लिहिलंस की पोरगी 'वाय बरोबर एमएक्स अधिक सी' घडाघडा म्हणते आणि आलेखावर रेषा दाखवली की गप्प. तिला दोष देऊ नको बे. माझा अख्खा वर्ग तसाच होता.

त्यातला 'एम' म्हणजे रेषेचा चढ. तसा तो आपल्याकडे दहावीच्या भूमितीत येतो. पण आठवीचं 'चलन', म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते तो धडा, नुकतंच झालेलं, पोरं आलेख काढायला लागलेली. म्हटलं तवा तापलाय, भाकरी टाकून घ्यावी. पहिली ठेच शब्दालाच लागली. खाली उतरणारी रेषा काढून विचारलं, हिचा चढ किती? मागच्या बाकावरून आवाज, "सर, हा तर उतार आहे." बरोबरच की! इंग्रजीत वर जा नाहीतर खाली, स्लोप एकच. आपण मात्र सिद्धेश्वराच्या तळ्याकडे जातानाही बघतो, चढ लागला की उतार. शेवटी ठरलं, उतार म्हणजे वजा चढ. ते पटलं त्यांना.

खरी गोची दुसऱ्या आकड्याची, त्या 'सी'ची. रेषा वाय-अक्षाला कुठे छेदते, हे बोटाने दाखवतात. पण तो आकडा म्हणजे काय, ते नाही. समचलनात सगळ्या रेषा शून्यातूनच निघताना पाहिल्या ना! वेळ दुप्पट, की पाणी दुप्पट.

पाण्यावरूनच सुचलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे तुला वेगळं सांगायला नको. म्हटलं, बादलीने मापून ड्रमवर खडूने लिटरच्या खुणा करा आणि नळ सुरू झाल्यापासून दर मिनिटाला आकडा लिहा. एका मुलीच्या वहीत पाच मिनिटांना १००, दहाला २००. दोनशेखाली खोडरबराचा काळा डाग, आणि डागात पुसटसं १६०.

"का खोडलंस?"

"दुप्पट व्हायला पाहिजे ना सर."

"ड्रम रिकामा होता?"

"नाही, तळाला शिळं पाणी होतं. ओतायचं राहिलं."

किती होतं म्हणालो, तर तिने पाच मिनिटांत ६० लिटर वाढले, म्हणजे मिनिटाला १२, असं बोटांवर मोजत मागे येत येत शून्य मिनिट गाठलं. "चाळीस लिटर शिळं!" फळ्यावर लिहिलं, वाय बरोबर १२ एक्स अधिक ४०. त्या 'सी'ला इंग्रजीत इंटरसेप्ट म्हणतात, पण त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुणी इंटरसेप्ट म्हणत नाही. शिळं पाणी किती, एवढंच विचारायचं.

मग मला चेव आला. दहा वर्षं देत आलेलं रिक्षाचं उदाहरण काढलं. रीत मुंबई-पुण्याच्या मीटरची, आकडे माझे: पहिल्या दीड किलोमीटरला २७ रुपये, पुढे किलोमीटरला १८. शिळं पाणी किती? वर्ग ओरडला, सत्तावीस! एकच पोरगा बसून, वडील रिक्षा चालवतात. "सर, दीड किलोमीटरपर्यंत भाडं वाढतच नाही. रेषा आडवी पाहिजे." काढली आडवी. दीडच्या पुढची तिरकी रेषा पट्टीने मागे वाढवली, तर काय! अठरा दिडे सत्तावीस. रेषा सरळ शून्यात. शिळं पाणी काहीच नाही. दहा वर्षं मी पोरांना सत्तावीस सांगत होतो बे. खडू ठेवला आणि हसलो, दुसरं काय करणार?

शेवटच्या तासाला म्हटलं, घरातलं काहीतरी आणा. एकीची आई विड्या वळते, हजारामागे मजुरी. ती रेषा शून्यातून. आणि एकाने विचारलं, "आमची खालून निघेल का सर?" वडील यंत्रमागावर, मालकाकडून चार हजारांची उचल घेतलेली, आठवड्याला पाचशे कापून घेतात. वजा सी शिकवायला मी काय काय उदाहरणं शोधून ठेवली होती, एकही काढावं लागलं नाही. त्याने एक्स-अक्ष पानाच्या तळाशी काढला होता, खाली जागाच नाही. मग आलेखाचा दुसरा कागद खाली खळीने चिकटवला आणि वजा चार हजारांवर ठिपका दिला. आठव्या आठवड्याला रेषा अक्षावर आली.

"मधेच परत उचल घेतली तर?"

रेषा तिथे तुटून खाली पडेल, म्हटलं, पण चढ तोच. त्याने पाचव्या आठवड्याला, वजा दीड हजारांवरून, आणखी दोन हजार खाली नेली आणि पहिलीला समांतर दुसरी रेषा ओढली. घरं मोजली. "बारावा आठवडा. म्हणजे दिवाळीच्या पुढे."

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. खळी वाळून चुरगळलाय.

पोरीला एकदा ड्रम भरायला लाव. पुण्यात ड्रम कुठला म्हणा, बादली चालेल, पण थोडं पाणी आधीच ठेव. आणि गड्ड्याच्या जत्रेला या वर्षी तरी ये. वहिनींना नमस्कार. शेंगाचटणी पाठवलीय, एकटाच संपवू नको.

तुझा,
बाळ्या