कपड्यात माया सोडा

महोदय,

नागपूरच्या महाल भागात मी अल्टरेशनचं काम करते. दिवाळी सरली की गर्दी होते. कुणाचा कुर्ता दंडात घट्ट, कुणाचा टॉप कंबरेत. पूर्वी शिवलेल्या ब्लाऊजला आत इंच-दीड इंच माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, असायची. बाळंतपणानंतरही दोन टिपा उसवल्या की अंगात बसायचं. आताच्या स्वस्त तयार कपड्यांत ओव्हरलॉकच्या (कडेच्या शिलाईच्या) पलीकडे सैल करायला कापडच नसतं. वर चारशेच्या टॉपला दीडशे मजुरी सांगितली की बाई म्हणते, "राहू द्या, नवाच घेते." तिचं तरी काय चुकलं म्हणा!

सुती कपडा फाटला तरी पोछा, गोधडी, पायपुसणं होतो. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, म्हणून तो पोछ्यालाही कामाचा नाही. मिश्र कापडातले धागे वेगळे करणं कठीण, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोत पडलं तर वर्षानुवर्षं कुजत नाही. पानिपतला जुन्या कपड्यांपासून सूत काढतात, पण त्यासाठी माल कोरडा नि वेगळा हवा. ओल्या कचऱ्यात कालवलेला कोण घेणार? १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झालेल्या, कापसाच्या या शहरात एवढं तरी जमायला हवं.

दिवाळीची साफसफाई होते त्या महिन्यात मनपाने दहाही झोनमध्ये धुतलेले कपडे वेगळे घ्यावेत. आणि शाळांनी गणवेशाच्या ऑर्डरमध्येच दोन इंच दुमड नि बाजूला माया मागावी. पोरं वर्षात उंच होतात, पॅन्ट तेवढी आखूड होते.

– एक शिलाईवाली, महाल, नागपूर