टीचिंग हॉस्पिटल का सोडत नाही ते सांगते

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा परत म्हणाले की पुण्याच्या त्या मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलची ऑफर घेऊन टाक, किती दिवस सरकारी पगारावर राहणार, आणि मला कॅथलॅबमधून, म्हणजे जिथे आम्ही हृदयाच्या नळ्यांचं काम करतो तिथून, बोलावणं आलं होतं म्हणून नुसतं हो हो करून फोन ठेवला. आज सुट्टी आहे, नीट लिहिते.

एमबीबीएस, मग एमडीची तीन वर्षं, मग हृदयरोगातल्या डीएमची तीन. एवढं शिकून मनगटातून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि अडलेली नळी फुग्याने मोकळी करायची, हे काम प्रायव्हेटमध्येही करता येईलच. पण इथे मी ते दुसऱ्याच्या हातात उतरवते. मागच्या आठवड्यात डीएम शिकणाऱ्या एका मुलाला पहिल्यांदा फुगा फुगवायला दिला. फुगा फुगला की त्या नळीतलं रक्त काही सेकंद थांबतं, पेशंटला परत तीच कळ येते, आणि नवीन पोरं नेमकी तेव्हा फक्त एक्सरेच्या स्क्रीनकडे बघत असतात. मी म्हटलं, ईसीजी बघ, प्रेशर बघ, काकांना विचार कसं वाटतंय. त्याने विचारलं. मग फुगा सोडला, डाय, म्हणजे एक्सरेत दिसणारं औषध, मारलं, नळी टोकापर्यंत काळी भरून आली. मला इतका आनंद झाला ना, स्वतः केलेल्या केसचाही होत नाही तेवढा!

ज्याने हे सुरू केलं तो आंद्रेआस ग्रुंटझिग पण असाच होता. घरच्या किचनमध्ये बसून फुगे बनवायचा, 1977 च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला जागृत माणसावर हृदयाच्या नळीची पहिली अँजिओप्लास्टी, म्हणजे हेच फुग्याने नळी मोकळी करणं, केली आणि लगेच बाकीच्या डॉक्टरांना बोलावून लाईव्ह केसेस दाखवायला लागला, सगळ्यांच्या केसेसची नोंद ठेवा म्हणून मागे लागला. मला त्याचं हे मोजून बघणं फार मोठं वाटतं.

आणि बाबा, ह्या मोजण्याचा तुम्हालाच उपयोग आहे. आपले काका म्हणतायत की स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, टाकून मोकळे व्हा. तुम्हाला दोन जिने चढले की छाती जड होते, थांबलं की जाते, हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, सीटीमध्ये डाव्या बाजूची मुख्य नळी साफ आहे. अशाच स्थिर पेशंटवर इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास झाला, 5179 माणसं, त्यात भारतातलीही होती. 2020 मध्ये छापून आला. आधी गोळ्या दिलेले आणि आधीच अँजिओग्राफी (डाय सोडून नळ्यांची तपासणी) करून स्टेंट किंवा बायपास केलेले, दोन्हीकडे अटॅक आणि मृत्यू मिळून फारसा फरक निघाला नाही. छातीत दुखणं मात्र दुसऱ्या गटात जास्त कमी झालं. म्हणजे गोळ्या घेऊनही त्रास राहिला तर स्टेंटचा विचार करू, पण घाबरून नको. रोज स्टेंट टाकणारी तुमची पोरगीच हे सांगतेय म्हटल्यावर काकांनाही पटेल.

अटॅकचं वेगळं, तिथे मिनिटं मोजायची असतात. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला तर आई, मला फोन लावत बसू नकोस, आधी 108 ला लाव, हॉस्पिटल गाठा, मग मला कळव. कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. नवीन रिपोर्ट आले की व्हॉट्सॅपवर टाका, फोटो सरळ काढा, मागच्या वेळी अर्धा कापला गेला होता.

तुमची,
ताई