जेक यांच्या दिवशी डोंगरावर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारले, "माणूस गेला म्हणून त्याच्या नावाने सगळ्यांनी घसरगुंडी खेळायची, हे कसले गं श्राद्ध?" मला हसू आले आणि उत्तर तसेच राहिले. आज बाहेर बर्फ पडतो आहे आणि हातात वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ज्यांच्यासाठी आम्ही शनिवारी इथल्या स्टो गावाच्या डोंगरावर जमलो होतो, त्यांचे पूर्ण नाव जेक बर्टन कारपेंटर. बाबा, त्यांच्या आडनावाचा अर्थ सुतार, पण आपल्या स्नोबोर्डच्या कंपनीला त्यांनी मधलेच नाव दिले आणि जगानेही त्यांना जेक बर्टन म्हणूनच ओळखले. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून आडवे उभे राहून खाली येण्याचे साधन. त्याचा शोध जेक यांनी लावला असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून 'स्नर्फर' नावाचे खेळणे केले होते, आणि टॉम सिम्स यांचेही प्रयोग चालू होते. जेक यांना चौदाव्या वर्षी तसाच एक स्नर्फर मिळाला आणि हे खेळणे नसून खेळ आहे ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली. त्यांचे मोठेपण मला तिथे दिसते.

बाबा, पुढचा भाग खास तुमच्यासाठी आहे. १९७७ मध्ये, तेवीस वर्षांचा हा अर्थशास्त्राचा पदवीधर न्यूयॉर्कमधली नोकरी सोडून आमच्या व्हरमाँट राज्यातल्या लंडनडेरी या गावी आला आणि फळ्या बनवू लागला. आडनाव सुतार असले तरी सुतारकामाचा गंध नव्हता. वाफेवर लाकूड वाकवून पाहा, पातळ थर एकमेकांवर चिकटवून पाहा, असे करत शंभराच्या आसपास नमुने झाले तेव्हा कुठे मनासारखी फळी हाती आली. रात्री दारूच्या गुत्त्यावर वाढप्याचे काम करायचे, उन्हाळ्यात टेनिस शिकवायचे आणि उरलेला वेळ लाकडात घालवायचा, असे त्यांचे दिवस होते. पहिल्या हंगामात जेमतेम तीनशे फळ्या विकल्या गेल्या. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर दहाव्या नमुन्यातच काम फत्ते झाले असते, असे मला वाटते खरे, पण वाफेवर वाकवलेले लाकूड पुन्हा सरळ होऊ पाहते हे तुम्हीच आम्हाला शिकवले आहे, तेव्हा मी पैज लावणार नाही.

स्टो गावात स्की आणि स्नोबोर्डचे छोटे संग्रहालय आहे. तिथे जुन्या फळ्या पाहताना मला आपल्या कारखान्याची आठवण झाली. सुरुवातीच्या फळीच्या टोकाला दोरी असायची, लगाम धरावा तशी ती हातात धरायची, आणि पाय अडकवायला साधे रबरी पट्टे. आताच्या बोर्डाला पोलादी कडा असतात, खाली गुळगुळीत प्लॅस्टिकचा थर असतो आणि त्याला मेण घासावे लागते, पण गाभा अजूनही लाकडाचाच, बारीक पट्ट्या उभ्या चिकटवून केलेला.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. आई, ज्या डोंगरांवर आज त्यांच्या नावाने माणसे जमतात, त्यांतल्या बहुतेक डोंगरांवर एके काळी स्नोबोर्डवाल्यांना माथ्यावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात बसू देत नसत. विम्याची अडचण सांगितली जायची, पण त्यामागे ही वांड पोरे आमच्यात नकोत हा भावही होता. रांगेत माझ्यापुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते. मागचा पाय मोकळा करून, पुढचा बोर्डाला बांधलेला ठेवून ते लंगडीसारखे सरकत होते. ते म्हणाले की तरुणपणी ते रात्री, पहारा संपल्यावर, बोर्ड पाठीला बांधून पायी डोंगर चढायचे आणि चंद्राच्या उजेडात एकदाच खाली यायचे. जेक यांनी एकेका डोंगराच्या मालकांना गाठून परवानगी मिळवली आणि १९८३ मध्ये स्ट्रॅटन या मोठ्या डोंगराने दार उघडले. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. गंमत म्हणजे इथून फार लांब नसलेल्या मॅड रिव्हर ग्लेन या डोंगरावर स्नोबोर्डला आजही बंदी आहे. गृहस्थ ते सांगताना एवढे खूश दिसले की बंदी उठली तर त्यांनाच वाईट वाटेल.

जेक यांची शेवटची वर्षे सोपी नव्हती. २०११ मध्ये कर्करोग झाला, त्यातून ते बरे झाले. २०१५ मध्ये मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ विकाराने त्यांचे शरीर इतके लुळे पडले की डोळे उघडत नव्हते आणि श्वासही यंत्रावर चालला होता, तेव्हा ते कागदावर लिहून घरच्यांशी बोलत. त्यातूनही उठून ते पुन्हा बोर्डवर उभे राहिले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोग परतल्याचे त्यांनी कंपनीतल्या लोकांना स्वतः पत्राने कळवले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला ते गेले. वय पासष्ट. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा दिवस पाळायला सुरुवात झाली.

भाषणे असतील या समजुतीने मी गेले होते. पारा उणे बाराच्या खाली होता, पाळण्यात पापण्यांवर दहिवर गोठत होते. माथ्यावर पोहोचल्यावर कोणी टोपी काढली, कोणी नुसते दरीकडे पाहत बसले, मग बोर्ड बांधताना पट्ट्यांचा टकटक आवाज सगळीकडून येऊ लागला आणि एकामागून एक माणसे उतारावर उतरली. सहा-सात वर्षांची एक मुलगी दर दहा पावलांवर पडत होती आणि तिच्यापाशी थांबणारा प्रत्येक जण तिला उठवून पुढे जात होता. आई, वर्षश्राद्धाला आपण गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ करतो ना? यांच्या आवडीचा पदार्थ हाच होता. वर्षातले शंभर दिवस बर्फावर काढायचे हा त्यांचा नेम होता, आणि दोन फूट बर्फ पडला की कंपनीला सुट्टी, असा तिथला रिवाज आहे.

एक कबुली द्यायची राहिली आहे. दोन वर्षांपूर्वी माझे मनगट सुजले होते ते जिन्यावरून घसरून नव्हे. नवशिके मागे पडताना हात टेकतात, तसा मीही टेकला होता. आता मनगटाला संरक्षक पट्टी बांधते, तेव्हा आईने फोनवर याचा विषय काढू नये ही विनंती.

बाबा, परतताना बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे मधोमध मोडलेली एक फळी मिळाली. गाभ्यातले लाकूड उघडे पडले आहे, फिकट आणि हलके. दुकानदार पॉप्लर म्हणतो. डिसेंबरमध्ये येताना त्याचा वीतभर तुकडा सामानात आणते. तुम्ही नखाने ओरखडा काढून आणि वास घेऊन सांगा, दुकानदार खरे बोलतो आहे का.

तुमची,
धाकटी