पहारेकरी मोठ्यानं का बोलतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या कथाकथनावर आलेला लेख वाचला. जग बुडाल्यानंतरचा काळ, त्यात थोडं विज्ञान आणि थोडी जादू, आणि भिंतीच्या कडेकडेनं सरकणारा नायक, अशा भूमिकाप्रधान ‘स्टेल्थ’, म्हणजे लपतछपत खेळायच्या, गेम्सची लेखकानं चांगलीच हजेरी घेतली आहे. त्यांचे आक्षेप तीन. पहारेकरी एकटेच मोठ्यानं बडबडतात. मेलेली माणसं जागोजागी रोजनिशा टाकून गेलेली असतात. आणि नायक लपून बसला की गोष्टही बसते. यातला दुसरा आक्षेप मला निम्मा मान्य आहे, पहिला अजिबात नाही, आणि तिसरा वाचून लेखक हे गेम आवाज बंद करून खेळतात की काय अशी शंका आली.

मी नभोनाट्यं लिहिते आणि रात्री हेडफोन लावून हे गेम खेळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

नभोनाट्यात एक वाक्य हमखास येतं: ‘हे काय, तुझ्या हातात पिस्तूल?’ ज्याच्या हातात पिस्तूल आहे त्याला ते ठाऊक असतं, विचारणाऱ्यालाही ते दिसत असतं. दिसत नसतं ते फक्त ऐकणाऱ्याला. या वाक्याला हसणं सोपं आहे, आणि वाईट लिहिलं असेल तर हसावंच. पण हा संकेत आहे, मूर्खपणा नव्हे. रंगमंचावर पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत म्हणतं तेव्हा ‘शेजारी उभ्या असलेल्याला ऐकू कसं जात नाही?’ असं आपण विचारत नाही.

‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ हा गेम 1998 साली लुकिंग ग्लास स्टुडिओजनं काढला. त्यात जग बुडालेलं नाही, पण लपण्याच्या खेळांचं व्याकरण बऱ्याच अंशी तिथं घडलं. तुम्ही चोर आहात. पडद्याच्या तळाशी एक खडा आहे, तुम्ही उजेडात आलात की तो उजळतो, सावलीत शिरलात की मंदावतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं, लोखंडी जाळीवर तर घात होतो. अशा वेळी तुम्ही कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभे असता. पहारेकरी पाठीमागे आहे. त्याला तुमचा संशय आलाय, की तो नुसता फेरी मारतोय, हे कळायचं कसं? वळून बघण्याची सोय नाही. म्हणून तो बोलतो. आधी शीळ घालतो किंवा गुणगुणतो. मग ‘कोण आहे तिकडे?’, मग शोधाशोध, आणि काही सापडलं नाही की ‘उंदीर असेल’ अशा छापाचं काहीतरी पुटपुटत परत फिरतो. त्याच्या डोक्यातली प्रत्येक पायरी त्याच्या तोंडून तुमच्या कानात पडते. हे स्वगत तुमच्यासाठी आहे आणि त्याच्या प्रत्येक शब्दावर तुमचा जीव टांगलेला आहे. इतकं ऐकलं जाणारं स्वगत लिहायला मिळालं तर मी मानधन सोडून देईन.

त्याच गेममध्ये एका हवेलीवर पहारा करणारे दोघे अस्वलांच्या झुंजीबद्दल गप्पा मारत असतात. कथानकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण तुम्ही अंधारात श्वास रोखून उभे आहात, त्या गप्पा संपल्याशिवाय हलता येत नाही आणि ऐकता ऐकता कळतं की या शहरात करमणूक काय असते, आणि ज्याच्या डोक्यात तुम्ही आता सोटा घालणार आहात त्याचे उद्याचे बेत काय आहेत. मग हात जरा जड होतो.

हाच धागा ‘डिसऑनर्ड’नं (2012) पुढं नेला. उंदरांनी आणि साथीनं पोखरलेलं शहर, आणि तुमच्या हातात एक धडधडतं हृदय. ते कुणाहीकडे रोखलं की त्या माणसाबद्दल कानात कुजबुजतं: याची चोरी, त्याची लाचारी, तिसऱ्याचं घरी वाट बघणारं कुणीतरी. ते हृदय कुणाचं हे मी सांगत नाही, खेळायचं असेल त्यांचा विरस नको. मुद्दा असा की लपून बसलेला नायक तिथं निवांत नसतो. छपरावर बसून दहा माणसांकडे हृदय रोखावं आणि खाली उतरावं की नाही याचा विचार करावा, तर गोष्ट त्या बसण्यातच घडते. वर, जितकी माणसं मारावीत तितके उंदीर वाढतात आणि शेवट काळवंडत जातो.

आता प्रलयाकडे येते.

लपणाऱ्या नायकाची खरी अडचण अशी की तो एकटा असतो. संवाद कुणाशी करणार? नाटकवाल्यांना ही अडचण जुनी आहे, म्हणून तर नायकाला मित्र असतो, नायिकेला सखी. ‘सेव्हन: द डेज लाँग गॉन’ (2017) या पोलंडमधल्या स्टुडिओच्या गेमनं यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. नायक तेरिएल हा चोर. एक चोरी भलतीच महागात पडते आणि आर्तानाक नावाचा एक दैत्य त्याच्या डोक्यातच मुक्काम ठोकतो. मग दोघांची, म्हणजे एकाच देहातल्या दोघांची, रवानगी पेह नावाच्या तुरुंगबेटावर होते. आता तेरिएल कितीही अंधारात बसला तरी बोलायला कुणीतरी आहे. आणि हा सूत्रधार निर्मळ नाही. त्याला स्वतःचं काहीतरी साधायचं आहे. त्यामुळं तो माहिती देतो तेव्हा ‘हा मला हे आत्ताच का सांगतोय?’ असा प्रश्न पडतो. माहिती देणाऱ्या पात्राबद्दल ऐकणाऱ्याला शंका वाटणं, यासारखं सुख लिहिणाऱ्याला नाही. नाहीतर असली सखा-पात्रं निव्वळ चालतीबोलती नोटीस असतात.

त्या बेटाचे विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागात फिरायला वेगळा परवाना. तो नीट मिळवा, नाहीतर भिंती चढून मागच्या बाजूनं शिरा. हे बेट ज्याच्या ताब्यात आहे ते साम्राज्य कसं चालतं यावर एखादं पात्र भाषण ठोकू शकलं असतं. गरज पडत नाही. नाक्यावर अडवलं गेलं की साम्राज्य कळतं.

मेलेल्यांच्या रोजनिशांबद्दल. इथं आपल्या लेखकाशी मी निम्म्या वाटेपर्यंत चालते. दारावर राक्षस धडका देतोय, माणूस रक्तबंबाळ, आणि तो शांतपणे ध्वनिमुद्रण करतोय की तिजोरीचा आकडा अमुक आहे! असल्या टिपणांचा मलाही कंटाळा येतो. ‘होरायझन झीरो डॉन’ (2017) हा मला आवडणारा गेम, पण त्यात जुन्या जगातल्या माणसांची इतकी मुद्रणं आणि पत्रं पसरलेली आहेत की नायिका एलॉय लाल गवतात दबा धरून बसलीय, समोरून यंत्रश्वापद येतंय, आणि कानात हजार वर्षांपूर्वीचा कुणी कर्मचारी वरिष्ठांबद्दल कुरकुर करतोय असं होतं. दोन्हीकडे लक्ष देता येत नाही आणि दोन्ही वाया जातात. त्याच गेमनं काहीही न बोलता जे साधलंय ते मात्र बघण्यासारखं आहे: आपले साधे कॉफीचे मग ‘प्राचीन पात्रं’ म्हणून गोळा केले जातात. आपल्याला ठाऊक, गोष्टीतल्या माणसांना नाही. प्रलयानंतरच्या गोष्टींचा हा सर्वांत जुना आणि अजून न झिजलेला डाव.

मी लिहायला बसले की प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: हा माणूस हे का बोलतोय आणि कुणाशी? रोजनिशीलाही तोच लावावा. त्या कसोटीवर उतरलेली एक रोजनिशी सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण लेखात ‘फॉलआउट’ मालिकेचा उल्लेख फक्त गोळीबारापुरता आला आहे.

‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ला 2011 साली ‘ऑनेस्ट हार्ट्स’ नावाची पुरवणी-कथा जोडली गेली. स्थळ अमेरिकेतली झायन दरी. कथेतलं अणुयुद्ध 2077 साली झालं, आपण तिथं दोनशे वर्षांनी पोचतो. दरीत ‘सॉरोज’ नावाची जमात राहते. त्यांची श्रद्धा अशी की गुहांमध्ये ‘पिता’ आहे, आणि गुहांमध्ये पाऊल ठेवणं निषिद्ध. मुख्य कथेत या गुहांत जाण्याचं काहीच कारण नाही. गेलात तर आत सापळे लावलेले आहेत, आणि ते चुकवत पोचलात तर एखादा जुना संगणक लुकलुकत असतो.

त्यावर रँडल क्लार्क नावाच्या सैनिकाची टिपणं. बॉम्ब पडले तेव्हा तो बाहेर होता; बायको शार्लट आणि मुलगा अ‍ॅलेक्स शहरात. तो दरीत येऊन राहिला. टिपणं वेगवेगळ्या गुहांत विखुरलेली, आणि तुम्ही कुठल्या क्रमानं शिराल याचा नेम नाही. म्हणजे म्हातारा क्लार्क आधी भेटेल, बायकोच्या आठवणीनं वेडापिसा झालेला तरुण नंतर. मधल्या काळात दरीत आलेल्या निर्वासितांना बाहेरून आलेल्या टोळीनं संपवलं, आणि क्लार्कनं दडून, एकेक टिपून त्या टोळीचा सूड घेतला. शेवटी शेवटी दरीत काही मुलं आली. कुठून तरी पळून आलेली, मोठं माणूस सोबत नाही. हा त्यांच्यासमोर गेला नाही. रात्री त्यांच्याजवळ सामान ठेवायचा, औषधं, चिठ्ठ्या. ही दरी तुमची आहे, एकमेकांशी प्रेमानं वागा, आणि कुणी अंगावर आलं तर गप्प बसू नका, अशा अर्थाचं त्यांना लिहून ठेवायचा. मुलांनी त्याला कधी पाहिलं नाही. त्यांची जमात झाली, त्याचा देव झाला.

इथं लेखकांचा आक्षेप लावून बघा. हा माणूस का लिहितो? बोलायला कुणी नाही म्हणून. कुणाशी? मेलेल्या बायकोशी, स्वतःशी, आणि नंतर ज्यांना कधी तोंड दाखवायचं नाही त्या मुलांशी. गोष्ट गुहेत का? कारण तिथं ती मुलं येणार नाहीत. दरीतला एकही जिवंत माणूस ही गोष्ट तुम्हाला सांगू शकत नाही, तो देवाबद्दल सांगेल. शिवाय क्लार्कनं शेवटी जे केलं ते, लपून राहणं, अंधारातून बघणं, पायरव न करता वस्तू ठेवून निघून जाणं, हे सगळं स्टेल्थ खेळणाऱ्याच्या हाताला सवयीचं. फरक इतकाच की आपण वस्तू उचलायला जातो आणि तो ठेवायला जात होता. दरीच्या एका उंच जागी त्याचा सांगाडा सापडतो, जवळ त्याची रायफल. ती बंदूक गेममध्ये उत्तम आहे. मी उचलली. कुणीही उचलेल.

‘गोष्ट बसते’ हा तिसरा आक्षेप उरला. ‘मेट्रो 2033’ (2010) मध्ये माणसं मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहतात, वर हवा विषारी. त्यात एक पडद्यामागचा हिशेब चालतो, ज्याबद्दल गेम तुम्हाला अवाक्षर सांगत नाही. स्टेशनवर थांबून लोकांची बोलणी शेवटपर्यंत ऐकलीत, भिकाऱ्याला काडतुसं दिलीत (तिथं काडतूस हेच चलन), की तुमच्या खात्यावर पुण्य जमा होतं. पुरेसं जमलं तर शेवटी एक वेगळी वाट उघडते, नाहीतर ती होती हेही कळत नाही. म्हणजे नुसतं उभं राहून ऐकणं, ज्याला लेखक ‘मधला रिकामा वेळ’ म्हणतात, त्यावर कथेचा शेवट ठरतो.

एका गोष्टीवर मात्र लेखकांनी टीका करायला हवी होती आणि केली नाही. हल्ली अशा बऱ्याच गेम्समध्ये एक बटण दाबलं की भिंतीपलीकडची माणसं रंगीत आकृत्या होऊन दिसतात. त्या क्षणी पहारेकऱ्याचं स्वगत खरोखरच बडबड होतं, कारण आता त्याची गरज उरलेली नाही. संवाद तसेच ठेवले आणि डोळे जास्तीचे दिले. पिस्तूल दिसत असताना ‘हे काय, पिस्तूल?’ म्हणण्यासारखंच. ज्यांना जमेल त्यांनी ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

माझी विनंती अशी की आपण गेम्सची परीक्षणं छापत राहावं, पण ती नाटकाच्या परीक्षणाइतक्या गंभीरपणे लिहून घ्यावीत. नाट्यपरीक्षक मध्यंतरात उठून गेला तर आपण त्याचं परीक्षण छापाल का? आणि परीक्षकांना हेडफोन लावायला सांगावं.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर हृदयाचा परिच्छेद खुशाल काढा, पण गुहेतल्या माणसाला हात लावू नका.

आपली,
एक नभोनाट्यलेखिका