मागच्या भिंतीवर ॲसिड मारू नये, आणि ती रंगवायला दिवाळीपर्यंत थांबूही नये

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
कोथरूड, पुणे

विषय: गल्लीकडच्या संरक्षक भिंतीचे विद्रूपीकरण

सप्रेम नमस्कार.

मागच्या भिंतीबाबत समितीने लावलेली नोटीस वाचली. चार नवे कॅमेरे बसवायचे, सापडेल त्याला दंड करायचा आणि दिवाळीच्या आधी ॲसिड मारून सगळी भिंत एकदाच घासून घ्यायची, असे त्यात म्हटले आहे. स्प्रेने लिहिलेली नावे आणि जाहिराती यांनी झालेली त्या भिंतीची दशा पाहून समितीला जेवढे वाईट वाटते तेवढेच मलाही वाटते. पण यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला काही सांगायचे आहे आणि ते रविवारच्या सभेआधी आपल्यापर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

आधी ॲसिडबद्दल, कारण ते नुकसान भरून येणारे नाही. आपल्या भिंतीचा खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा आहे. असे काम आज करून घ्यायचे म्हटले तर कारागीर मिळणे अवघड. स्प्रेचा रंग ॲसिडने विरघळत नाही. विरघळतो तो दगडांच्या दर्जांमधला, म्हणजे सांध्यांमधला, चुना आणि सिमेंट. म्हणजे नावे राहतील तिथेच आणि सांधे मोकळे होतील, मग पुढच्या पावसाळ्यात पाणी आत शिरेल. फाटकापाशी बसवलेली कोटा फरशी तर चुनखडकच आहे. तिच्यावर ॲसिडचा ओघळ गेला तर पॉलिश उडून पांढरट डाग कायमचा बसेल. लोखंडी तारेचा ब्रशही नको. दगडावर ओरखडे येतात, आणि तारेचे बारीक कण अडकून नंतर गंज धरतात. पाण्याचा जोरदार जेट जवळून मारला तर त्यानेही दर्जा उखडतात.

थिनरने चिंधी भिजवून पुसणे सोपे वाटते, पण दगडाला छिद्रे असतात. पातळ झालेला रंग त्यांत उतरतो आणि अक्षरांची सावली राहते. त्याऐवजी रंगाच्या दुकानात मिळणारा जेलीसारखा घट्ट पेंट रिमूव्हर आणावा. तो जाड थराने लावून वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा, म्हणजे सुकत नाही. रंग फुगून सुटला की नायलॉनच्या ब्रशने आणि भरपूर पाण्याने काढावा. एका खेपेत निघाला नाही तर पुन्हा लावावा. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कोणालाही हे काम देऊ नये. आधी कोपऱ्यातल्या एकाच दगडावर करून बघावे, दगड पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पुढे जावे.

वरच्या गिलाव्याचे गणित वेगळे आहे. तिथे थिनर लावला तर आपलाच रंग सुटून येतो, म्हणून तो भाग पुसण्याऐवजी रंगवणेच बरे. मार्करची किंवा तेलकट रंगाची अक्षरे पाण्याच्या रंगातून पुन्हा वर उमटतात. मागच्या वेळी दोन हात मारूनही ती दिसत राहिली, त्याचे कारण हेच असावे. आधी सॉल्व्हंटचा, म्हणजे पाण्याऐवजी थिनरने पातळ होणारा प्रायमर, मग रंग. आणि फक्त अक्षरांपुरते ठिगळ मारू नये. ते चौकोनी ठिगळ पुढच्या मुलाला पाटीसारखे तयारच मिळते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा पूर्ण पट्टा रंगवावा. त्यासाठी शेडचा नंबर कार्यालयात लिहून ठेवावा आणि एक बादली रंग कायम शिल्लक असावा.

दिवाळीपर्यंत थांबायला माझा विरोध आहे तो यासाठी की, या सगळ्यात वेळेला फार महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे 1970च्या दशकापासून आतून-बाहेरून स्प्रेने लिहिलेल्या नावांनी बरबटलेले होते. यार्डाभोवती तारेची दुहेरी कुंपणे झाली, राखणीला कुत्रे आले, तरी चित्र बदलले नाही. 1984 मध्ये डेव्हिड गन तिथल्या ट्रान्झिट प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि नियम ठरला: एकदा स्वच्छ केलेली गाडी पुन्हा रंगलेल्या अवस्थेत धावणार नाही. नाव दिसले की गाडी बाजूला काढायची. नवे डबे आले, पैसाही बराच ओतला गेला, हे खरे. पण रात्रभर खपून लिहिलेले नाव सकाळी कोणालाच दिसणार नसेल, तर ते लिहायचे कशाला? 12 मे 1989 रोजी रंगलेली शेवटची गाडी तिथल्या सेवेतून काढली गेली.

आपल्याकडे उलट चालले आहे. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा भिंतीवर महिनोन्‌महिने राहतात, त्यांच्या शेजारी क्लासची स्टेन्सिल येते, तिच्या खाली कचऱ्याची पिशवी. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात झालेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच्याशी तंतोतंत जुळतो. एका बोळात उभ्या सायकलींना जाहिरातीचे कागद अडकवले. भिंत स्वच्छ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी कागद खाली टाकला, भिंतीवर रंगकाम केल्यावर 69 टक्के लोकांनी. ‘भिंत रंगवू नये’ अशी पाटी दोन्ही वेळा तिथे होती. आपल्याही भिंतीवर ‘जाहिराती लावण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे आणि तिच्यावरच पॅकर्स-मूव्हर्सचा स्टिकर आहे. तो स्टिकर आजच निघायला हवा. पाटी नवी करून काही होणार नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी आहे. सिक्युरिटीने सकाळच्या फेरीत नवे लिखाण दिसताच तारखेसह फोटो काढावा आणि दोन दिवसांच्या आत ते गेलेले असावे. यासाठी दर वेळी सभेची मंजुरी लागू नये. दुरुस्ती निधीतून वर्षाला एक ठरावीक रक्कम समितीने याच सभेत मंजूर करून घ्यावी. एका पेंटरशी बोलून ठेवावे. चार कॅमेऱ्यांच्या किमतीत हे काम बराच काळ चालेल, असा माझा अंदाज आहे. कॅमेरा हेल्मेट घातलेला माणूस दाखवतो आणि भिंत तशीच राहते. एक चांगला दिवा मात्र तिथे जरूर लावावा. त्या टोकाला आत्ता पूर्ण अंधार असतो, संध्याकाळी मुलींनाही तिथून जाताना भीती वाटते.

जाहिरातवाल्यांशी कडक वागायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. 1995च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यांचा फोन नंबर तर त्यांनीच भिंतीवर लिहिलेला असतो. फोटो जोडून आधी संस्थेच्या लेटरहेडवर त्यांना पत्र द्यावे, आणि फरक पडला नाही तर क्षेत्रीय कार्यालयात आणि पोलीस चौकीत. खळीने चिकटवलेली पत्रके पाण्याने नीट भिजवून पत्र्याने काढली तर निघतात. कोरडी ओढली की अर्धी राहतात आणि रंगही निघतो.

मुलांबद्दल मात्र कळकळीने लिहिते. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मुलांचे फोटो ‘हेच ते’ म्हणून फिरले. कोणी पाहिले नव्हते, पुरावा नव्हता. समितीने ते फोटो काढून टाकायला सांगावे. उद्या एखाद्या मुलाने खरेच रंग मारला असे कळले, तर पालकांना कार्यालयात बोलावून शांतपणे बोलावे आणि त्या मुलाला पेंटरबरोबर तोच पट्टा रंगवायला लावावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वर्षभर सगळ्या सोसायटीच्या नजरा सहन करायला लावणे, ही त्याने केलेल्या गोष्टीच्या मानाने फार मोठी शिक्षा आहे.

गिलाव्याच्या भागावर चित्रे काढून घ्यावीत, ही सी विंगची सूचना मला आवडली. मुंबईत सेनापती बापट मार्गावरची रेल्वेची लांबलचक भिंत 2009 मध्ये साध्या नागरिकांनी रंगवली होती. आपल्या मुलांनाही तसा एक पट्टा द्यावा. दगडावर मात्र चित्र नको. तो आहे तसाच सुंदर आहे. दगडासमोर, भिंतीला न चिकटणाऱ्या जाळीवर बोगनवेल चढवता येईल. ऊन तिथे भरपूर आहे, आणि काट्यांतून हात घालायला कोणी धजावत नाही. जिन्याच्या कोपऱ्यांत पिचकाऱ्या थांबवायला देवांच्या टाइल्स लावायचा विचार असल्याचे ऐकले. कृपया नको. त्यांच्यावरही लोक थुंकतात हे मी इतर इमारतींत पाहिले आहे आणि ते बघवत नाही. जिना रोज धुतला जावा, तेवढे पुरे.

भिंतीवर रंग चिकटू नये म्हणून लावायच्या संरक्षक लेपाचे कोटेशन समितीने मागवले आहे असे कळले. तो लेप आत्ता लावू नये. पावसाने भिंत अजून ओली आहे, वरून पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकसारखा, थर बसला तर ओल आत कोंडून फुगे येतील. जानेवारी-फेब्रुवारीत भिंत वाळल्यावर पाहावे.

ॲसिडचे कॅन काल मीटर रूममध्ये उतरवलेले दिसले. सभा होईपर्यंत ते पेंटरच्या हाती देऊ नयेत. पेंट रिमूव्हरचा डबा मी माझ्या खर्चाने आणते. शनिवारी सकाळी समितीतले कोणीही एक जण आले तर ट्रान्सफॉर्मरजवळच्या दगडावर सर्वांसमोर करून पाहू.

आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद