पैठण एका दिवसात उरकायचं गाव नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की संभाजीनगरहून लोक गाडी काढतात, ५० किलोमीटर येतात, धरणावर फोटो, पैठणीच्या दुकानात चक्कर आणि परत, आणि पैठण बघितलं म्हणतात, याचं लई वाईट वाटतं. अहो हे सातवाहन राजांची राजधानी असलेलं प्रतिष्ठान आहे, इथला माल बैलगाड्यांनी गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जायचा आणि ते २० दिवसांच्या वाटेवर आहे असं पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय! चक्रधर स्वामी इथं राहिले, ज्ञानेश्वर भावंडं शुद्धिपत्रासाठी इथंच आली आणि संत एकनाथांनी तापलेल्या वाळवंटात रडणारं लेकरू कडेवर घेतलं ते याच गोदाकाठी, असं घरोघरी सांगतात.

पैठणी घ्या जरूर, पण आधी मागावर विणताना बघा. रंगागणिक वेगळी काडी, ती हातानं एकेका धाग्यातून फिरवत मोर उभा करतात, आणि पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते, बोटभर विणायलाच किती वेळ जातो ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

जायकवाडी धरणाचं म्हणाल तर १९७६ पासून मराठवाड्याच्या मोठ्या भागाची तहान त्याच्यावर आहे, थंडीत त्याच्या नाथसागर जलाशयावर परदेशी पक्षी येतात ते वेगळंच.

माझं म्हणणं एवढंच की नागघाटापासून नाथांच्या समाधीपर्यंत जागोजागी मराठीत नीट माहितीफलक लावावेत आणि नाथषष्ठीच्या यात्रेआधी गावातल्याच पोरांना गाईड म्हणून तयार करावं.

— एक वाचक, ता. पैठण